लाइट गेली की लाइन तुटली, हे स्विचकडून वदवून कसं घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुख्य ऑफिस नाशिकमध्ये, आणि सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत अशा मिळून १४ ठिकाणी स्विच-राउटर. सर्व्हर दर ५ मिनिटांनी प्रत्येकाला पिंग करतो, म्हणजे 'आहेस का' विचारतो, उत्तर नाही आलं की 'डाउन' एवढाच मेसेज टाकतो. मग पोरगा गाडी काढतो, मोहदरी घाट चढून सिन्नरला पोचतो, आणि तोवर लाइट परत आलेली असते, सगळं सुरू असतं. स्विच विकणारा म्हणतोय, 'डाइंग गॅस्प' असलेलं मॉडेल घ्या, सगळं आपोआप कळेल. घ्यावं का?

घ्या, पण नुसतं त्यावर विसंबू नका. तुमचा खरा त्रास उपकरण बंद पडण्याचा नाही. 'डाउन' या एका शब्दात लाइट जाणं, फायबर तुटणं, अडॅप्टर जळणं आणि कोणी चुकून प्लग काढणं हे सगळं कोंबलंय, आणि प्रत्येकाला धावून जाणारा माणूस वेगळा आहे. मेलेलं उपकरण बोलत नाही. म्हणून एक तर त्याला मरता मरता बोलायला लावायचं, नाहीतर शेजारी एक साक्षीदार ठेवायचा. मी दोन्ही करतो, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यावर माझा जास्त भरवसा आहे.

डाइंग गॅस्प म्हणजे आपल्याकडे ज्याला शेवटचा आचका म्हणतात तेच. वीज तुटल्यावर उपकरण लगेच मरत नाही. पॉवर सप्लायच्या कॅपॅसिटरमध्ये थोडी शिल्लक असते. तेवढ्यात 'माझी वीज गेली' असं एक पाकीट, म्हणजे नेटवर्कवरचा छोटा संदेश, पाठवायचं, बस. ही सवड किती असते ते पाहू. १२ व्होल्टच्या रेलवर, म्हणजे आतल्या पुरवठ्यावर, १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आहे आणि व्होल्टेज ८ पर्यंत उतरलं तरी उपकरण तग धरतं असं समजा. वापरता येणारी ऊर्जा म्हणजे कॅपॅसिटन्सच्या निम्म्याला १२ चा वर्ग वजा ८ चा वर्ग याने गुणायचं. उत्तर येतं ०.०४ ज्यूल. उपकरण १० वॅट खात असेल तर हे पुरतं फक्त ४ मिलिसेकंद. कॅपॅसिटर ४७०० चा केला तर साधारण १९ मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

आता यातही एक गोम आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे व्होल्टेज दर १० मिलिसेकंदांनी शून्यावरून जातंच. एसी पाहणाऱ्या सर्किटने शून्य दिसताच बोंब ठोकली तर सेकंदाला शंभर वेळा ठोकेल. म्हणून त्याला थोडं थांबून खात्री करावी लागते, आणि तेवढी सवड वाया जाते. मोठ्या स्विचच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये ३०० च्या वर व्होल्टला भरलेला मोठा कॅपॅसिटर असतो, त्याला हे परवडतं. बाहेर अडॅप्टर लटकणाऱ्या छोट्या डबीला एसी दिसतच नाही. तिला दिसतात ते फक्त उतरणीला लागलेले १२ व्होल्ट, म्हणजे कळेपर्यंत अर्धा खेळ संपलेला असतो. स्वस्त मॉडेलच्या कागदावर 'सपोर्टेड' लिहिलेलं असतं आणि टेबलावर प्लग ओढला की काहीच येत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

तारेवरून पाकीट जायला वेळ लागत नाही. ६४ बाइटची फ्रेम, म्हणजे इथरनेटवरचं सगळ्यात छोटं पाकीट, १०० मेगाबिटच्या लिंकवर ५ मायक्रोसेकंदांत निघून जाते. वेळ खातो तो प्रोसेसर. म्हणून ज्यांनी हे नीट केलंय त्यांच्याकडे पाकीट आधीच तयार करून मेमरीत ठेवलेलं असतं, आणि वीज गेल्याचा इशारा येताच दिवे, वायफाय, पीओई (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना दिलेली वीज) असले खाणारे पाहुणे आधी बंद करून उरलेली ऊर्जा पोर्टला दिली जाते. पाकीट पुढे ज्याच्या हातात द्यायचं (सर्व्हर त्याच नेटवर्कवर नसेल तर राउटर) त्याचा मॅक पत्ताही, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, आधीच माहीत असावा लागतो. मरताना एआरपीने तो पत्ता विचारत बसलं तर उत्तर यायच्या आत मयत. यासाठी एसएनएमपीचा (उपकरणांवर नजर ठेवायच्या प्रोटोकॉलचा) ट्रॅप, म्हणजे उपकरणाने आपणहून दिलेला इशारा, किंवा सिसलॉग, म्हणजे लॉगची नोंद, हे यूडीपीवरचे, पाठवून मोकळे होणारे प्रकार वापरतात. पोचपावती मागणारा 'इन्फॉर्म' इथे काही कामाचा नाही. पावती आली तरी घ्यायला कोण आहे?

ही फ्रेम दोन वाटांनी जाते आणि निवड तुम्हाला करायची आहे. आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये ८०२.३एएच या नावाने इथरनेटची देखभाल करणारा ओएएम प्रोटोकॉल आणला. त्यात आचक्यासाठी एक बिटच राखून ठेवलाय. ही फ्रेम फक्त शेजारच्या उपकरणापर्यंत जाते, पुढे जात नाही. शेजाऱ्याने ती वाचून तुमच्या सर्व्हरला ट्रॅप पाठवायचा. दुसरी वाट म्हणजे मरणाऱ्याने स्वतःच थेट सर्व्हरकडे ट्रॅप टाकायचा. पहिली वाट जास्त खात्रीची, कारण मरणाऱ्याला कमी काम. पण तिची अट ही की शेजारी जिवंत हवा, आणि ओएएम दोन्ही टोकांना चालू हवं. एकाच डीपीवरचे, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे, दोन स्विच एकमेकांचे शेजारी असतील तर दोघेही एकाच क्षणी एकमेकांना 'मी चाललो' सांगतात आणि ऐकायला कोणीच उरत नाही.

अजून एक. आयईईईच्या मानकात या बिटाचा अर्थ 'सावरता न येणारा स्थानिक बिघाड' असा आहे, 'लाइट गेली' असा नाही. काही उपकरणं रीलोड (रीबूट) करतानाही आचका देतात. म्हणून आचका आला की लगेच 'वीज गेली' लिहून टाकू नका. आचका आला, पुढचा एक मिनिट मुद्दाम पिंग करूनही उत्तर नाही, आणि कोणी रीलोडही केलेलं नाही, तरच वीज गेली समजा. आचका आला आणि पिंग चालूच राहिलं, तर तो व्होल्टेजचा झटका होता. हे झटके मात्र मोजून ठेवा. एका साइटवर आठवड्यात दहा-बारा आचके येऊन उपकरण एकदाही मेलं नसेल, तर कुठेतरी न्यूट्रल ढिला आहे किंवा शेजारचं वेल्डिंग मशीन सुरू होताना व्होल्टेज खाली ओढतंय. वायरमनला टेस्टर घेऊन तिथे पाठवण्यासारखी ही बातमी आहे, आणि ती पिंगमधून कधीच मिळाली नसती.

तुमची लाइन फायबर टू द होम पद्धतीची, म्हणजे जीपॉनची असेल तर अर्धं काम आधीच झालेलं आहे. ओएनटी, म्हणजे तुमच्याकडची फायबरची डबी, मरताना असाच आचका पाठवते, आणि फायबरवाल्याच्या ओएलटीवर (त्याच्या टोकाच्या यंत्रावर) 'आचका' आणि 'प्रकाश गेला' (एलओएस) या दोन वेगळ्या नोंदी होतात. तक्रार करताना त्यांना 'लाइन डाउन आहे' म्हणू नका. 'शेवटची नोंद डाइंग गॅस्प आहे की एलओएस?' असं विचारा. समोरचा दोन सेकंद गप्प होतो, पण मग बघून सांगतो. आणि साइटवर माणूस असेल तर त्याला नुसतं विचारा, 'काका, डबीवर लाल दिवा आहे की सगळेच दिवे विझलेत?' लाल दिवा म्हणजे फायबर. सगळा अंधार म्हणजे वीज.

मात्र 'लाइट आहे का?' असं कधीही विचारू नका. हे मी अंबडला शिकलो. एका कारखान्यातला आमचा रॅक रात्री ११ च्या सुमारास गेला. वॉचमनला फोन लावला.

'काका, लाइट आहे का?'

'आहे ना साहेब. ट्यूब चालू आहे, पंखा फिरतोय.'

म्हणजे वीज ठीक, म्हणून आम्ही लाइनच्या मागे लागलो. फायबरवाल्याला झोपेतून उठवलं, फायबर कुठे तुटलंय ते शोधणारा ओटीडीआर लावला, केबल शाबूत. मग दोन्ही टोकांचे एसएफपी, म्हणजे स्विचला फायबर जोडायचे मॉड्यूल, बदलले. पहाटे वायरमनने पॅनेल उघडलं तर तीनपैकी एका फेजचा फ्यूज उडालेला. काकांची केबिन आर फेजवर, आमचा रॅक बी फेजवर. काका खोटं बोलत नव्हते. आम्हीच चुकीचा प्रश्न विचारला होता. तेव्हापासून आमच्या यादीत प्रत्येक साइटसमोर फीडर (सबस्टेशनमधून येणारी वीजवाहिनी), डीपी आणि फेज असे तीन रकाने आहेत. तुमच्या १४ साइटसाठी हे भरायला एक वायरमन आणि दोन दिवस लागतील. नवीन स्विच घेण्याआधी हे करा.

आता साक्षीदाराकडे येतो. रॅकला यूपीएस आहे असं धरतो, नसेल तर आधी तो घ्या. यूपीएस असला की प्रश्न उलटा होतो. लाइट गेली तरी स्विच चालूच राहतो, त्यामुळे आचका येत नाही. आचका येतो तो बॅटरी संपल्यावर, तासाभराने, जेव्हा करण्यासारखं काही उरत नाही. तुम्हाला हवी असते ती लाइट गेल्या क्षणाची बातमी, बॅटरी भरलेली असताना.

यूपीएसमध्ये नेटवर्क कार्ड असेल तर सोपं आहे. यूपीएससाठीची एसएनएमपीची एमआयबी, म्हणजे काय काय विचारता येतं त्याची यादी, १९९४ मध्येच आरएफसी १६२८ या दस्तऐवजात ठरली आहे. आउटपुट मेनवर आहे की बॅटरीवर, अंदाजे किती मिनिटं शिल्लक आहेत, हे सगळं त्यात वाचता येतं. बॅटरीवर गेल्याचा ट्रॅप तर परिस्थिती बदलेपर्यंत दर मिनिटाला पुन्हा पाठवायचा असं त्यात लिहिलेलं आहे. एखादा ट्रॅप वाटेत हरवला तरी पुढचा पोचतो, हा त्यामागचा शहाणपणा. मोबाइलवर मात्र पहिलाच पुढे पाठवा, नाहीतर रात्री साठ मेसेज येतील आणि साहेब तुमचा नंबरच म्यूट करतील. कार्ड नसेल, पण यूएसबी असेल, तर एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) आणि नट हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यात 'ओएल' म्हणजे मेनवर, 'ओबी' म्हणजे बॅटरीवर, 'एलबी' म्हणजे बॅटरी संपत आली.

आणि यातलं काहीच नसेल तर आमचा गावठी उपाय. कपाटात पडलेला एखादा जुना राउटर किंवा पाच पोर्टचा स्विच घ्यायचा. त्याची वीज यूपीएसमधून न देता थेट भिंतीच्या प्लगमधून द्यायची, आणि त्याची एक केबल यूपीएसवरच्या मुख्य स्विचच्या एका पोर्टला लावायची. दुसरं काही काम त्याला द्यायचं नाही. लाइट गेली की हा डबा मरतो, मुख्य स्विचवरचा तो पोर्ट खाली जातो, आणि मुख्य स्विच, जो अजून जिवंत आहे, तो 'लिंक डाउन'चा ट्रॅप पाठवतो. त्या एका पोर्टच्या लिंक डाउनचा अर्थ सर्व्हरवर 'मेन लाइट गेली' असा लावून ठेवायचा. आमच्या पोरांनी या डब्याला कोतवाल नाव ठेवलंय. बातमी देण्यापलीकडे त्याला उद्योग नाही. खर्च शून्य.

कोतवालाचे दोन नियम आहेत. तो रॅकच्याच फेजवर हवा, नाहीतर अंबडच्या काकांसारखा प्रामाणिकपणे चुकीचं सांगेल. आणि त्याच्या प्लगवर ठळक चिकटपट्टी हवी. दिंडोरीच्या एका साइटवर सफाईवाल्या मावशींनी रोज सकाळी साडेसातला कोतवालाचा प्लग काढून तिथे व्हॅक्यूम क्लीनर लावला, आणि आम्ही आठ दिवस वीज कंपनीला बोल लावत होतो. शेवटी आलेखात रोज तीच वेळ दिसली तेव्हा उजेड पडला.

जनरेटर असेल तर कोतवाल चेंजओव्हरच्या (ग्रिड आणि जनरेटर यांत अदलाबदल करणाऱ्या स्विचच्या) आधी लावायचा की नंतर हे ठरवा. आधी लावला तर ग्रिडची बातमी मिळते. नंतर लावला तर जनरेटर उचलला की नाही ते कळतं. माझ्याकडे जिथे जनरेटर आहे तिथे दोन्हीकडे एकेक आहे. पहिला मेला आणि दुसराही मिनिटभरात उठला नाही, तर जनरेटर सुरू झालेला नाही. डिझेल संपल्याची बातमी मला एकदा अशी मिळाली होती, मेंटेनन्सच्या माणसाला कळायच्या आधी.

मीडिया कन्व्हर्टरबद्दल, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणाऱ्या डबीबद्दल, दोन शब्द. स्वस्तातला कन्व्हर्टर अडॅप्टरवर कुठल्यातरी खांबावरच्या डबीत बसवलेला असतो आणि सगळे त्याला विसरतात. त्याची वीज गेली की दोन्ही टोकांना अगदी फायबर तुटल्यासारखं दिसतं. शक्य असेल तिथे तो काढून स्विचमध्ये थेट एसएफपी लावा.

लाइट परत आल्यावर काय झालं होतं हे शोधणं सगळ्यात सोपं आहे आणि तरीही कोणी करत नाही. उपकरण पुन्हा दिसू लागलं की त्याचा अपटाइम, म्हणजे सुरू झाल्यापासूनचा वेळ, विचारा. अपटाइम शून्याजवळून सुरू झाला असेल तर वीज गेली होती किंवा रीबूट झालं. अपटाइम आधीसारखाच वाढत असेल तर उपकरण जिवंत होतं, फक्त वाट तुटली होती. हा एक नियम सर्व्हरवर टाका आणि तुमच्या गेल्या महिन्याच्या 'डाउन'मधले कितीतरी आपोआप दोन ढिगांत पडतील. ५ मिनिटांच्या दोन पिंगांमध्ये मरून उठलेली उपकरणंही यातच सापडतात. यूपीएसची बॅटरी मेलेली असली की असंच होतं. लाइट अर्ध्या सेकंदासाठी जाते, स्विच रीबूट होतो, पिंगला काही दिसत नाही, आणि युजर मात्र 'नेट मधेच जातं' म्हणून ओरडत असतात. एक सावधगिरी घ्या. एसएनएमपीचा सिसअपटाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो आणि ३२ बिटांचा असल्यामुळे साधारण ४९७ दिवसांनी स्वतःच शून्यावर येतो. दीड वर्ष न बंद पडलेला स्विच एके दिवशी 'रीबूट झाला' असं सांगू लागला तर घाबरू नका, उलट त्याला नारळ फोडा.

उपकरणाच्या स्वतःच्या लॉगवर मात्र भिस्त ठेवू नका. बॅटरीवरचं घड्याळ नसलेली उपकरणं उठल्यावर १९७० मध्ये किंवा १९९३ च्या १ मार्चला असतात, आणि एनटीपीने नेटवर्कवरून खरी वेळ मिळेपर्यंतच्या नोंदी त्याच तारखेने पडतात. लॉग सर्व्हरकडे पाठवा, वेळ सर्व्हरची धरा.

आता बातमी पोचवण्याचं. सुरुवातीच्या काळात मी सर्व्हर यूपीएसवर ठेवला, राउटर यूपीएसवर ठेवला, आणि दोघांमधला आठ पोर्टचा डबा भिंतीच्या प्लगवर राहिला. कॉलेज रोडच्या त्या ऑफिसची लाइट गेली की सर्व्हरला सगळं जग मेलेलं दिसायचं, आणि ते सांगायला त्याच्याकडे वाट नसायची. लाइट आली की चाळीस मेसेज एकदम. म्हणून सर्व्हरपासून इंटरनेटपर्यंतचा प्रत्येक डबा बोट लावून मोजा आणि प्रत्येकाचा प्लग कुठे जातो ते डोळ्यांनी पाहा. त्या सर्व्हरला सिमवाला एक मॉडेम स्वतंत्र ठेवा. एसएमएस गेटवेवरून पाठवणार असाल तर डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) मेसेजचं टेम्प्लेट आधी नोंदवावं लागतं, आयत्या वेळी होत नाही. आणि सर्व्हर स्वतःच मेला तर सांगायला बाहेर कोणीतरी हवं. क्लाउडवरचा एक छोटा सर्व्हर याच्याकडे दर मिनिटाला 'आहेस का' विचारत राहील, इतकं पुरे.

मेसेजमध्ये 'क्रिटिकल' वगैरे लिहू नका. माझा मेसेज असा असतो: 'सिन्नर, रॅक २. मेन लाइट १४:०७ ला गेली. यूपीएसवर, अंदाजे ३५ मिनिटं. जनरेटर उचलला नाही. आधी वॉचमनला फोन.' हे वाचून कोणालाही गाडी काढायची की नाही ते कळतं. ३५ मिनिटांचा आकडा कागदावरून काढू नका. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॅट-अवर असते, पण पत्र्याच्या शेडखाली दोन उन्हाळे काढलेल्या बॅटरीचं मी निम्मंही धरत नाही. वर्षातून एकदा प्लग ओढून घड्याळ लावा आणि तोच आकडा लिहा.

जूनमधल्या पहिल्या वादळी पावसाची वेगळी तयारी करा. तेव्हा दहा साइट एका मिनिटात जातात. फेज-फीडरची ती यादी इथे कामाला येते. एकाच फीडरवरच्या तीन साइटचे कोतवाल एका मिनिटात गेले, तर तीन मेसेज न पाठवता 'अंबडचा अमुक फीडर गेला' असा एकच पाठवा. मग वायरमनला न बोलावता १९१२ ला, म्हणजे वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकाला, फोन करायचा असतो. जवळजवळ प्रत्येक मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये एका उपकरणाला दुसऱ्याचं अवलंबी दाखवता येतं. पुढचा राउटर मेला तर मागचे पाच स्विच 'मेले' न दाखवता 'दिसत नाहीत' असं दाखवायचं.

तेव्हा विक्रेत्याला सांगा, एक नग आणून द्या, टेबलावर पाहू. त्याला तुमच्या खऱ्या लोडने भरा, पीओईचे कॅमेरेही लावा, दुसऱ्या टोकाला वायरशार्क हे पाकिटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर चालू करा आणि प्लग ओढा. कमांडने बंद करू नका, स्विचच्या बटणानेही नाही. प्लगच ओढायचा. वीस वेळा ओढा आणि किती वेळा आचका पोचला ते लिहून घ्या. वीसपैकी वीस आले तर घ्या. सोळा आले तर भाव पाडा आणि कोतवाल ठेवाच. तेवढ्यात विक्रेत्याचा माणूस म्हणेल, 'साहेब, इतक्या वेळा प्लग काढला तर वॉरंटी...' त्याला चहा द्या आणि ओढत राहा.